शुक्रवारी अकराच्या आत स्पीड वाढवणे

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ८.१०
घरच्या नेटचा प्रश्न आजपासून मी स्वतः हातात घेतला आहे. शुक्रवारी अकराला श्रुतिकाचा इंटरव्ह्यू, व्हिडिओवर. गेल्या शनिवारी ऐन बोलताना दोनदा चित्र गोठलं आणि समोरच्या मॅडम तोंड उघडं टाकून तशाच राहिल्या. माणसं चांगली, म्हणून पुन्हा एक संधी दिली. ही शेवटची. पोरगी आठ महिने घरी बसली आहे, चेहरा उतरलाय तिचा.
म्हणाली, बाबा, नेटवाल्याला बोलवा ना. मी म्हटलं, भांडुपच्या कारखान्यात बत्तीस वर्षं वायरिंग सांभाळलेला माणूस घरात असताना बाहेरचा कशाला? ती मोबाइल घेऊन आत गेली. पटलं असावं.

संध्याकाळी ६.००
मोबाइलवर स्पीड मोजला. प्लॅन दोनशेचा, येतात अकरा. उरलेले एकशे एकोणनव्वद कुठे जातात? तपास सुरू.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
निदान झालं. राउटर फार खाली आहे. पाण्याची टाकी गच्चीवर का असते? प्रेशर यावं म्हणून. साधी गोष्ट, पण डोकं लागतं.
राउटर हॉलमधून काढून किचनच्या माळ्यावर चढवला. तांब्याचा हंडा आणि स्टीलचं पिंप यांच्यामध्ये झकास बसला. धूळ नको म्हणून प्लॅस्टिकची पिशवी काढली नाही. घेतल्यापासून आहे, म्हणूनच तर नवा दिसतो. बायको, जानकी, खालून स्टूल धरून ओरडत होती, तुमका कोणी सांगल्यान ह्या करूक? चिडली की हिची मालवणी बाहेर येते. दुर्लक्ष केलं.
स्पीड : चार.
जागा नवीन आहे. सिग्नलला रुळायला वेळ द्यावा लागतो.

संध्याकाळी
तीन. उजवा गुडघा दुखतो आहे. संकल्प : उद्यापासून स्टुलावर चढायचं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर
स्टुलावरून उतरताना कळलं. (चढावं लागलं. राउटर हाताला गरम लागत होता. म्हणजे काम जोरात चालू आहे.) आपलं नेट चोरीला जातंय!
तळमजल्यावरचा इसिडोर. मोठ्या टीव्हीवर फुटबॉल बघतो, एकदाही अडकत नाही. तीन वर्षांपूर्वी गणपतीला आला होता, तेव्हा मोदक खाता खाता पासवर्ड मागितला होता. मी दिला. भोळा स्वभाव, दुसरं काय. शिवाय स्कूटरच्या जागेवरून झालेलं भांडण. दीड वर्ष बोलणं नाही. सगळं जुळतंय.
पासवर्ड बदलला. तेवढ्यावर थांबलो नाही. आपल्या वायफायचं नावही बदललं : तळमजल्यावर चोर. आता ज्याला समजायचं त्याला समजेल.
स्पीड : तीन. चोर मुरलेला आहे.
संध्याकाळी जानकी भाजी घेऊन आली ती तणतणतच. म्हणे, अख्ख्या बिल्डिंगच्या मोबाइलवर ते नाव दिसतंय, लाज आणलीत. मी म्हटलं, चोराला यायला हवी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. दुपारी
वायफायचा नाद सोडला. हवेवर भरवसा ठेवणं हीच मूळ चूक. वायर ती वायर!
कारखान्यातून निवृत्त होताना आणलेली जुनी नेटची वायर ट्रंकेत होती. जानकी तीनदा भंगारवाल्याला द्यायला निघाली होती, मी दिली नाही. लांबी थोडी कमी पडली, म्हणून दोन तुकडे जोडले. आत आठ बारीक तारा निघाल्या. चार पुरे, बाकीच्या स्पेअर असणार. पीळ मारला, वरून काळी टेप. असा जॉइंट आजकालच्या पोरांना जमणार नाही. लॅपटॉपला लावली.
स्पीड : साडेनऊ. तिनाचे साडेनऊ, म्हणजे तिपटीच्या वर! आणि तासभर साडेनऊच. एक पॉइंट इकडे नाही, तिकडे नाही. स्थिरता म्हणतात ती ही.

संध्याकाळी
श्रुतिकाने तिच्या ताईला, गार्गीला, फोन लावून बघितला. व्हिडिओ दोनदा अडकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, बाबा, मी उद्या अंधेरीला ताईकडे जाऊ का? मला लागलं. बोलून गेलो, बाप घरात असताना दुसऱ्याच्या दारात बसणार? तिचे डोळे भरले. ओके म्हणाली आणि आत गेली. जानकीने माझं ताट वाढून ठेवलं आणि चपला घालून खाली गेली.
उद्या सगळ्यांना कळेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी १०.५०
आंघोळ करून आलो तोवर श्रुतिका खोलीत गेलीसुद्धा. दार बंद. जानकी म्हणाली, तिला अजिबात हाक मारू नका. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो आहे. फ्रिज बंद, टीव्ही बंद, कुकर लावायचा नाही अशी ताकीद.

११.२०
वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. धावत जाऊन बंद करवलं. गुडघा विसरलो.

११.४०
आतून काही ऐकू येत नाही. पोरगी हळू बोलते आहे. वायर दाराखालून आत गेली आहे, तिला कोणाचा पाय लागू नये म्हणून मी दोन्ही पाय वर घेतले आहेत. देवा, माझा जॉइंट टिकू दे. बाकी काही मागत नाही.

१२.१०
बेल वाजली. तळपायाची आग मस्तकात. दार उघडून, तोंडावर बोट ठेवून दबक्या आवाजात खेकसलो, कळत नाही का, आत इंटरव्ह्यू चालू आहे!
दारात श्रुतिका उभी होती. हातात लॅपटॉप. म्हणाली, बाबा, झाला इंटरव्ह्यू. छान झाला.

दुपारी ३.००
इसिडोरकडे दिला. सव्वादहालाच गेली होती. जानकीनेच कालच्या काल जाऊन विचारलं. तो म्हणाला, अगं विचारतेस काय, पोरगी आपलीच ना. स्वतः टीव्ही बंद करून, भुंकू नये म्हणून त्याच्या कुत्रीला, बेलाला, घेऊन बाहेर आवारात जाऊन बसला तासभर. लॅपटॉप जोडताना त्याला यादीत माझं वायफाय दिसलं असणारच. श्रुतिका म्हणते, दिसलं. खूप हसला म्हणे.
मी सव्वा तास रिकाम्या खोलीची राखण केली.
श्रुतिका जवळ बसली. म्हणाली, तुम्ही एवढी मेहनत करत होतात, तोंडावर नाही कसं सांगू? चहा थंड झाला.
वायफायचं नाव बदललं. संकल्प : उद्या खाली जाऊन इसिडोरशी बोलायचं. स्कूटरचा विषय काढायचा नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर
सिलेक्ट झाली! दहा वाजता मेल आला. जानकी रडली. मीही, पण बाथरूममध्ये.
खाली गेलो. स्कूटरचा विषय निघाला. इसिडोरनेच काढला. मी म्हटलं, तिथेच लाव.
दुपारी नेटवाला आला. श्रुतिकाने सोमवारीच तक्रार करून ठेवली होती. पिशवी काढली, राउटर परत हॉलमध्ये ठेवला, नवी वायर टाकली. वीस मिनिटं. स्पीड एकशे शहाण्णव. मी टॉर्च धरला होता.
जाताना त्याने माझा जॉइंट हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, काका, हे कोणी केलं?
मी म्हटलं, आधीच्या भाडेकरूंनी.
श्रुतिका लगेच म्हणाली, हो, फार जुने होते ते.
बिल्डिंग बांधली तेव्हापासून ह्या घरात आम्हीच राहतो.