बारा डेसिबल

रविवार, २७ फेब्रुवारी १९७७

प्रिय लीलँड,

परवा, शुक्रवारी दुपारी चार वाजता, तपासणी विभागातल्या डोलोरेस माकीने, उपकरणं गोठवून तपासायच्या थंड कपाटाच्या नोंदवहीत लिहून खाली सही केली: ऑरव्हिल टेशच्या हातात होता तो रिसीव्हर, क्रमांक २१८, शून्याखाली वीसच्या थंडीत बारा डेसिबल चुकतो. तिने तीनदा मोजलं. चौथ्यांदा मी मोजलं, कारण तू ते विचारशीलच. वर ‘प्रिय’ लिहिलं आहे ते हाताच्या सवयीने. त्यातून काही काढू नकोस.

चौकशी समितीला तू पाठवलेलं निवेदन मी वाचलं. मिनियापोलिसला गेल्यापासून तुझी भाषा सुधारली आहे. ‘उपकरण निर्दोष आहे. चालवणाऱ्याकडून बटणाचा आकडा वाचण्यात चूक झाली असावी.’ त्या ‘असावी’त तू पूर्ण मावला आहेस. म्हणायचं सगळं आणि अंगावर काहीच घ्यायचं नाही. तुझ्या टेबलापासून हे गाव दीडशे मैल लांब आहे, म्हणून इथे त्या एका वाक्याने काय केलं ते सांगते. टेश एकसष्ट वर्षांचा आहे. लोखंडाच्या खाणीत वायरमन होता आणि एकोणीस हिवाळे शोधपथकात फुकट राबला आहे. चौदा जानेवारीला वॉल्टर ब्रँडचं छोटं विमान टॅमरॅकच्या घळीत पडलं, तेव्हा विमानातला आपत्कालीन बीकन रेडिओ-सिग्नल सोडत होता आणि त्याच्यामागे टेश आपला रिसीव्हर घेऊन चालत होता. विमान तीनशे यार्डांवर असताना तो मागे फिरला. ब्रँड दुसऱ्या दिवशी सापडला. पडल्यानंतर तो पाचएक तास जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले. आता किराणा दुकानात लोक टेशला ऐकू जाईल असं बोलतात, ‘ऑरव्हिल, पुढच्या वेळी आकडे वाचायला कुणाला तरी बरोबर ने बाबा.’ त्याची बायको लोरेन चर्चच्या तळघरात कॉफीला येईनाशी झाली. येत्या गुरुवारी तुझं वाक्य समितीच्या अहवालात गेलं की ब्रँड त्याच्यामुळे मेला हे कागदावर कायमचं ठरेल.

तुला आठवत असेल म्हणून नाही, तू ते विसरल्याचं दाखवतोस म्हणून लिहिते. १९७० च्या उन्हाळ्यात या रिसीव्हरमधलं सिग्नल दाबायचं सर्किट मी केलं. बीकनच्या जवळ गेलं की सिग्नल इतका जोरात येतो की काटा टोकाला जाऊन चिकटतो, मग कुठल्याही दिशेला वळा, तो हलत नाही. म्हणून सिग्नल मोजून दाबावा लागतो, आणि तो सरळ रेषेत दाबावा लागतो: बटण दहावरून वीसवर नेलं तर बरोबर दहा डेसिबलच कमी झाले पाहिजेत. दाबणारे डायोड मात्र सरळ वागत नाहीत. त्यांना सुरुवातीला अगदी थेंबभर करंट पुरतो आणि पुढे तो पटीपटीने वाढवावा लागतो. ट्रान्झिस्टरचा स्वभाव नेमका तसाच पटीने वाढणारा, म्हणून बटणाची सरळ चाल त्याच्याकडून वाकवून घ्यायची, ही माझी कल्पना. पण ट्रान्झिस्टर तापमानाबरोबर बदलतो, म्हणून त्याला एक जोडीदार द्यायचा, जो तेवढाच उलटा बदलेल. दोघे एकाच धातूच्या डबीत हवेत, म्हणजे एक गार आणि एक गरम असं कधी होणार नाही. तीन महिने मी तो आलेख कागदावर ठिपक्याठिपक्याने काढत होते आणि तू रोज संध्याकाळी माझ्या टेबलावर बसून रूबार्बच्या आंबटगोड वड्या खायचास. म्हणायचास, ‘आर्डिस, तुझी रेघ इतकी सरळ आहे की मला झोप येते.’ मला ते तेव्हा गोड वाटायचं. पुढे शिकागोच्या परिषदेत तीच रेघ तू पडद्यावर दाखवलीस, खाली एकच नाव होतं, आणि मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. ते मी गिळलं. हे पत्र त्याच्याबद्दल नाही.

एकाच डबीतली जोडी यायला चौदा आठवडे लागतील असं कळवलं गेलं, तेव्हा तू तिच्या जागी दोन सुटे ट्रान्झिस्टर टाकलेस. निवडून, जुळवून टाकलेस, हे मान्य. पण सर्किटच्या पट्टीवर जागा नव्हती, म्हणून एक पुढच्या पत्र्याशी बसवलास आणि दुसरा रिसीव्हर धरायच्या मुठीच्या आत, बॅटरीच्या शेजारी. तू ते थंड कपाटात तपासलंस. कपाटात रिसीव्हरची पेटी तासभर गोठते, दोघेही सारखेच गार होतात आणि बटण बाहेरून लांब दांडीने फिरवतात. रेघ सरळ आली यात नवल नाही. त्या पेटीला कपाटात हात कुणीच लावत नाही.

हे मला सुचलं नाही. सहा आठवडे मी सोल्डरचा प्रत्येक ठिपका भिंगाखाली पाहत होते. मागच्या मंगळवारी डोलोरेस डबा उघडून जेवत होती आणि मला म्हणाली, ‘तुम्ही इंजिनियर लोक कधी जानेवारीत घराबाहेर पडलाय का गं? माझा नवरा रेडिओ कोटाच्या आत छातीशी धरतो. नाहीतर बॅटरी पंधरा मिनिटांत मरते. पुढचं तोंड तेवढं बाहेर.’ मी म्हटलं, मग? ती म्हणाली, ‘मग काय, बूड गरम आणि नाक गार. आमच्या कुत्र्यासारखं.’ तिने गरम पाण्याची रबरी पिशवी आणली, मुठीला बांधली आणि कपाटाचं दार लावलं. वीस मिनिटांत बटण पन्नासवरच होतं आणि सिग्नल बासष्टने दाबला जात होता.

आता तूच हिशेब कर, तुला येतो. अंतर निम्मं झालं की सिग्नल सहा डेसिबल वाढतो. घळीच्या दोन्ही कडांवरून सिग्नल आपटून येत होता, म्हणून दिशा कळत नव्हती आणि टेश फक्त जोर पाहून चालला होता. सहाशे यार्डांवरून तो तीनशेवर आला. तेवढ्या वेळात कोटाच्या आत रिसीव्हरची मूठ गरम झाली होती. जवळ आल्याने सहा वाढले, सर्किटने बारा खाल्ले, आणि त्याला दिसलं की आपण दुप्पट लांब आलो आहोत. कुठलाही शहाणा माणूस तिथून मागे फिरला असता. त्याने आकडा बरोबर वाचला. आकडाच खोटा होता.

काल मी त्याच्या घरी गेले. लोरेनने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, ‘कंपनीकडून आलात ना? सह्या घ्यायला?’ मी नाही म्हटलं, तरी बूट काढून आत या, असं ती म्हणाली नाही. पायपुसण्यावरच उभी राहून मी जे सांगायचं ते सांगितलं. टेश स्वयंपाकघरातून ऐकत होता. तिथूनच म्हणाला, ‘पन्नास होता, बाई. चष्मा लावला होता मी. घरी येऊन शंभरदा स्वतःला विचारलं, लावला होता का. आता मलाच खात्री राहिली नाही.’ मला तुझा जितका राग गेल्या सात वर्षांत आला नव्हता तितका त्या क्षणी आला. एका वायरमनला तू त्याच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावलास. वाटलं, तुला धरून त्या पायपुसण्यावर उभं करावं.

परत येऊन मी कंपनीच्या कागदपत्रांच्या कपाटातून तुझी जुनी वही काढली, नोव्हेंबर ७१ ची. पान एकशे बारा. ‘जोडीऐवजी दोन सुटे. थंडीत तपासले. फरक नाही.’ खाली तुझी सही. आणि तिच्या खाली, जिथे दुसऱ्या इंजिनियरने पान तपासून सही करायची असते, तिथे छापील ‘वाचले व समजले’ या ओळीवर माझी. मी ते वाचलं नव्हतं, लीलँड. शुक्रवार होता, आपण तुझ्या भावाच्या तळ्याकाठच्या झोपडीवर निघालो होतो. गाडी सुरू ठेवून तू आत आलास आणि म्हणालास, ‘अकरा पानं आहेत, मॅडम, सोमवारपर्यंत थांबलात तर मासे दुसरं कुणी नेईल.’ हातमोजाही न काढता मी अकरा सह्या केल्या. वाचलं असतं तर मुठीतला ट्रान्झिस्टर मला एका नजरेत दिसला असता. त्या सर्किटाला ओळखणारी जगात एकच व्यक्ती होती आणि तिने न पाहता लिहून दिलं की समजलं. तुझ्यावर ओरडायला मला इतकं का आवडतं, हे मला काल संध्याकाळी कळलं.

म्हणून हे पत्र. गुरुवारी सकाळी दहाला काउंटी न्यायालयात समिती बसेल. पहिला क्रमांक टेशचा होता. समितीच्या चिटणीस मिसेस ऑल्सन यांना मी फोन करून त्याच्या आधीचा क्रमांक मागितला आणि मिळाला. डोलोरेसचे आकडे, रबरी पिशवी आणि ते पान मी बरोबर नेणार आहे, आणि आधी माझी सही दाखवणार आहे, मग तुझी. उरलेल्या सगळ्या पेट्या परत मागवण्याची तार उद्या सकाळी माझ्या नावाने जाईल. त्यानंतर माझी नोकरी राहील असं मला वाटत नाही. बुधवारी दुपारी बारापर्यंत तुला तुझं निवेदन मागे घेता येतं, मिसेस ऑल्सन जेवायला बाहेर जात नाहीत. तू फोन करशील याची मला आशा नाही, तरी पोस्टाचा शिक्का आणि पोच मी जपून ठेवणार आहे. दहाला पाच कमी असताना टेश आणि लोरेन उजवीकडच्या बाकावर बसलेले असतील. मी त्यांच्या शेजारी बसेन, त्यांनी बसू दिलं तर.

त्या पानावरची तुझीच साक्षीदार,
आर्डिस हाउगेन