आकडा कशाचा?

तात्या,

आज ऑफिसच्या कॉलवर बंगळूरच्या एका नव्या मुलीनं विचारलं, "हे 'कशाचा' म्हणजे काय? कुणाचं आडनाव आहे का?" मला आधी हसू आलं, आणि मग मी माईकच बंद केला. मी लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रामचं हे नाव आमच्या टीममध्ये रोज शंभरदा वापरलं जातं, आणि मराठी मी एकटीच असल्यानं त्याचा अर्थ माझ्याशिवाय एकालाही माहीत नाही. साहेब म्हणाले, नाव बदलून इंग्रजीत सरळ काहीतरी ठेव, नाहीतर निदान त्याच्या डोक्यावर दोन ओळींचा खुलासा लिही. नाव बदलायचं नाही म्हणून दोन ओळी लिहायला बसले आहे, आणि लिहिते आहे तुम्हाला.

तुम्ही गेलात तेव्हा मला पुण्यात नोकरीला लागून सहाच महिने झाले होते, त्यामुळे मी नेमकं काय करते हे तुम्हाला कधी धड सांगता आलं नाही. आता मी जळोचीत घरूनच काम करते, आई माझ्याजवळच असते. दुसऱ्यांनी केलेलं सॉफ्टवेअर बरोबर चालतं का हे बघायचं, हे माझं काम. बघणारेही प्रोग्रामच असतात, ते आम्ही लिहितो. कुठं बिनसलं की ते पडद्यावर सांगतात. पण सांगायचे कसं? सात. शून्य. मग एक रिकामी ओळ. माझी अख्खी सकाळ त्या साताचा बाप शोधण्यात जायची. शेवटी वैतागून मी एक छोटं फंक्शन लिहिलं. व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा समजा. डबा ह्या फंक्शनच्या हातात दिला की ते आधी डब्याचं नाव छापतं, मग आत काय आहे ते. आत काहीच नसेल तर गप्प बसत नाही, "ठेवलेलं नाही" असं स्वच्छ सांगतं. त्याला नाव काय द्यावं याचा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

मी आठवीत आहे. रविवार आहे, आणि तुमचा डबा घेऊन मी भवानीनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आले आहे. सगळीकडे मळीचा तो आंबूस वास. तुमचे दोन्ही हात गुंतलेले आहेत, म्हणून तुम्ही मला काचेच्या उंच नळीतल्या रसात तरंगणारा काटा वाचायला सांगता. मी टाचा उंचावून वाचते आणि मोठ्या तोऱ्यात ओरडते, "अठरा!" तुम्ही मान वर न करता विचारता, "कशाचा?" मला कळत नाही. "अठरा काय? रसाचा दाटपणा हाय, साखर हाय, का हितल्या खिडक्या मोजल्यास?" सगळी माणसं हसतात. मला रडू येतं. मग तुम्ही हात पुसत जवळ येता आणि हळू आवाजात म्हणता, "नावाबिगर आकडा म्हंजी दाव्याबिगर बैल, पोरी. कुणाच्याबी गोठ्यात जाऊन हुबा ऱ्हातो." त्या दिवशी डबा तुम्ही माझ्यासोबत खाल्लात, आणि प्रयोगशाळेच्या वहीतला रिकामा रकाना दाखवून तो तसा कधीच सोडायचा नाही हेही सांगितलंत. शून्य आलं तर शून्य लिहायचं, मोजलंच नसेल तर "घेतलं नाही" लिहायचं. "शून्य येगळं आन न घेतल्यालं येगळं."

घरीही तुमचं तेच. चुलीपुढून आईनं विचारावं, "किती वाढू?" मी म्हणावं, "दोन." लगेच तुम्ही, "दोन काय?" एकदा आई कावली. "धपाटे!" म्हणाली. तुम्ही शांतपणे विचारलंत, "ताटात का पाठीत?" आई हसता हसता उलथनं घेऊन उठली. तात्या, ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि कामाच्या मधेच हात थांबतो. इतकी आठवण येते की राग येतो तुमचा.

पहिल्या पगारात मी तुम्हाला रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं होतं. त्यावर एकाखाली एक तीन आकडे उमटायचे. तुम्ही चिकटपट्टीचे तुकडे कापून शेजारी लावलेत आणि त्यावर बॉलपेननं लिहिलंत: वरचा, खालचा, ठोके. साखर मोजायचं यंत्र तुमच्याकडे आधीच होतं, आणि दोन्हींचे आकडे तुम्ही रोज एका वहीत लिहून ठेवायचात. रोज दुपारी मी पुण्याहून फोन करायचे आणि तुम्ही शाळेत पाढे म्हणावेत तसं म्हणायचात, "उपाशीपोटी साखर, एकशे तीस. वरचा, एकशे चाळीस." एकही आकडा कधी नावाशिवाय आला नाही.

त्या दुपारी आई अंथुर्ण्याला मावशीच्या नातवाच्या बारशाला मुक्कामी गेली होती. तुम्ही एकटे होता. मी विचारलं, "किती आलं, तात्या?" तुम्ही म्हणालात, "एकशे दहा." मी म्हटलं, "वा! साखर आली की आटोक्यात. आज एक पेढा माफ." तुम्ही हसल्यासारखं केलंत. "बरं. ठिवतो," म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला.

वही मला तेराव्याला सापडली. शेवटच्या पानावर तुमचं नीटनेटकं अक्षर. साखर: घेतली नाही. ठोके: एकशे दहा. छातीत जड. आणि खाली, पोरीला सांगितलं.

आई अजून अधूनमधून विचारते, "तुला तरी काय बोललं व्हतं का गं ते?" आणि मी दर वेळी सांगते, "न्हाय गं, नेहमीचंच." सगळ्यांना मी हेच सांगत आले, की तात्यांनी लपवलं, आम्हाला काळजी नको म्हणून. लोकांना ते पटतं, तुम्ही तसेच होता. बारा वर्षं ती वही माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे आणि आईला तिचा पत्ता नाही.

आता स्वयंपाकघरातून तिचा आवाज येतोय, चहा ठेवू का म्हणून. खुलाशाच्या जागी हे एवढं लांबलं आहे, ते मी पुसणार आहे. तिथं एकच ओळ राहील: हे फंक्शन आकड्याआधी त्याचं नाव सांगतं. बंगळूरच्या मुलीला तेवढं पुरे आहे.

पण पुसायच्या आधी तुम्हाला सांगते. "एकशे दहा" म्हणून तुम्ही थांबला होता. मी "कशाचा?" म्हणेन म्हणून थांबला होता. मला मीटिंगला जायचं होतं, तात्या. ते थांबणं मला ऐकू आलं होतं.