टेकूचा फ्लेक्स

२१ जानेवारी २०२५, भुकूम

उभा राहिला! अठरावा नमुना. सतरा मोडले, दोन तर मीच भिंतीवर फेकले.

प्लायच्या दोन फळ्या एकमेकींत अडकवायच्या. खिळा नाही, स्क्रू नाही. पुस्तक उभं राहतं, पेन खाचेत राहतं, मिटून ठेवला की दप्तरात मावतो. नाव — टेकू. शाळेच्या उतरत्या बाकावरही घसरला नाही. तो बाक जयसिंगकाकांनी मुठा गावाहून टेम्पोत घालून आणला, शाळेने भंगारात काढलेला. त्यांच्याच भाताच्या खोलीत माझं वर्कशॉप. आज चारी बाजूंनी फोटो काढत बसले होते. काढू देत.

निषाद फोनवर — "एक बिजागरी लावली असती तर महिन्यापूर्वीच झालं असतं." लाव की मग! बावधनला एसीत बसून बिजागऱ्या सुचतात. मुलं महिन्यात तोडतील. जाऊ दे. गुंतवणूकदार शोधणं त्याचं काम, टेकू माझा. हिस्सा निम्मा-निम्मा.

२४ जानेवारी

वकीलबाईंनी दोनदा बजावलं — नोंदणीचा अर्ज जाईपर्यंत डिझाइन बाहेर दिसता कामा नये. जगजाहीर झालं की ते नवीन धरत नाहीत. अर्ज वीस फेब्रुवारीला, आमच्या दोघांच्या नावाने. कागदपत्रं निषाद बघतोय. सगळी चित्रं पाठवली त्याला.

घरी हे सांगायचं राहिलं. सांगते.

१५ फेब्रुवारी

पौड रोडवर, फाट्याशीच — पंधरा फुटी फ्लेक्स!

"भुकूमची शान, उद्योजिका कु. क्षितिजा हिचे हार्दिक अभिनंदन!" मी कोपऱ्यात. गॉगल लावलेले काका माझ्या तिप्पट. खाली शुभेच्छुकांची अख्खी यादी, त्यात पाचवीतला पुतण्यासुद्धा. आणि मधोमध टेकू! उघडा, मिटलेला, आणि सांधा — तो तर जवळून! कुठलाही सुतार गाडी थांबवून मापं घेईल.

मी विळा घेऊन शिडीवर चढले आणि टराटरा फाडला. चहाच्या टपरीवरचे सगळे बघत होते. काका धावत आले. "अगं, काय करतीस? पोरांनी साधी गाडी घेतली तरी फ्लेक्स लागत्यात. आपल्या पोरीनं एवढं केलं, गावाला कळाय नको व्हय?"

"तुम्हाला अक्कल आहे का? वाट लावलीत माझी!" सगळ्यांसमोर. ओरडूनच.

काका खाली वाकले. फाटका फ्लेक्स गोळा करत राहिले.

१६ फेब्रुवारी

अजून राग जात नाही. चार वर्षं! नोकरी सोडली, लग्नाचं स्थळ परत पाठवलं, आणि एका फ्लेक्सने मातीत!

हो, मी घरी सांगितलं नव्हतं. पण विचारायचं तरी एकदा!

१९ फेब्रुवारी

निषादला सांगितलं. मला वाटलं आरडाओरडा करेल. एकदम शांत. "आता अर्ज करून उपयोग नाही. तुझ्या घरच्यांनीच घोळ घातला, क्षितिजा. गुंतवणूकदार बिथरलेत. तुझा हिस्सा दहा टक्क्यांवर आणला तर मी सांभाळून घेतो."

दहा! टेकू माझा, दहा टक्के मला!

पण कुठल्या तोंडाने भांडणार? चूक आमच्याच घरची. हो म्हटलं. फोन ठेवून रडले, मग फळ्यांना लाथ मारली. अंगठा सुजलाय.

२२ फेब्रुवारी

काका खोलीकडे फिरकत नाहीत. खोली रिकामी कर असंही म्हणत नाहीत. आज रस्त्यात समोरून आले आणि बांधावरून वळून गेले. जाऊ देत! मी का पडतं घ्यायचं?

२६ फेब्रुवारी

सही करायला निषादचे कागद आले. घाईत एक पान जास्तीचं आलंय. डिझाइन नोंदणीच्या अर्जाची पोच. चित्रं माझी. अर्जदार — निषाद. एकटाच. तारीख ३ फेब्रुवारी.

फ्लेक्स लागला पंधराला.

काकांच्या दारात गेले. काकू म्हणाल्या, "न्हाईत घरात." काकांच्या चपला उंबऱ्याशीच होत्या.