तुला न विचारता झालेली तडजोड

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

आज कळंबच्या कोर्टात एक मजा बघितली आणि ती सांगायला तुझ्याशिवाय दुसरं माणूस सुचेना. ट्रॅक्टरमालकाच्या बांधाची केस होती, मी आपला सोबतीला. व्हरांड्यात बसलो होतो, तर सरकारी वकील स्वतः बाहेर आले आणि एका म्हातारीपुढं उकिडवे बसले. "आजी, मिटवायचंय का? पोरगं काय म्हणतंय ते सोडा, तुमचं सांगा." म्हातारी लाजली. मी मात्र एकटाच हसत सुटलो. मालक म्हणाला, "येडा झाला का रं?"

हो, सध्या मी ढोकीला आहे, ऊस वाहतोय. त्याआधी येडशीच्या स्टेशनावर चहा विकला. तिथल्या माकडांनी एकदा अख्खी किटली... असू दे, हसलो ते तुझी केस आठवून.

दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर तू मुकादमाला म्हणालीस, माझ्या खड्ड्याचं माप परत घे, मजुरी कमी धरलीस. त्यानं मापाचीच काठी तुझ्या मनगटावर घातली. हाड मोडलं. पण हाडाचं तू कधी काढलंच नाहीस. चारचौघींत मारलं, तर चारचौघांत कबूल करावं, एवढंच तुझं म्हणणं; त्यासाठीच तू फिर्याद दिलीस.

आणि आपल्याकडची रीत कशी? पुकारा बाईच्या नावाचा झाला तरी कोर्टात आत जायचा घरचा पुरुष. बाई व्हरांड्यात गठुडं सांभाळत. दादा माझे वडील आणि तुझे थोरले भाऊ. तेच उठून आत गेले. तालुक्याच्या सरकारी वकिलांनी विचारलं, "मिटवायचं का?" दादांनी मान हलवली.

येताना येरमाळ्यात एसटी थांबली. भजी खाता खाता दादा म्हणाले, "मिटलं बघ तुझं, गया. पुढच्या तारखेला जज हुकूम करत्याल."

"कुणी मिटवलं?"

"म्या. घरचा माणूस न्हाय का मी?"

"मग मार खायला बी तुमीच जायचं."

भज्यातल्या मिरच्या लई तिखट होत्या. मला त्याच जास्त आठवतात, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन उस्मानाबाद गाठलंस. तालुक्याच्या वकिलांवर देखरेख ठेवणारे मोठे सरकारी वकील तिथं बसत. कुठली केस का मिटवली, ज्याला लागलं त्याला विचारलं का, हे बघणं त्यांचं काम. तुला हे कुणी सांगितलं होतं, आत्या? साहेबांनी सगळं ऐकलं आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांनाच बोलावलं. दादा कोट घालून आले.

"फिर्यादीची संमती घेतली होती?" साहेबांनी विचारलं.

"घेतली ना, साहेब. हे काय, इथंच आहेत," म्हणत तालुक्याच्या वकिलांनी दादांकडं हात केला.

साहेब दादांना म्हणाले, "बघू, मनगट दाखवा."

आणि दादांनी खरंच बाही वर केली.

मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. साहेबांनी तुला खुर्ची दिली. "बाई, तुम्हाला काय पाहिजे?"

"मला मिटवायचंच हाय, साहेब."

दादा तर खोकायलाच लागले.

"पण मी मिटवणार. आधी त्यानं कोर्टात माझ्याकडं बघून सांगावं, मारलं म्हणून."

तारखेला मुकादम बोलला, पण चपलांकडं बघत. तू म्हणालीस, "वर बघ." त्यानं बघितलं. मग तू तडजोडीच्या कागदावर अंगठा दिलास. बाहेर आल्यावर तालुक्याचे वकील म्हणाले, "चुकलं, बाई." तू त्यांनाच चहा पाजलास. मला नाही पाजलास, हे मी विसरलेलो नाही.

आत्या, दादा हल्ली ही गोष्ट पारावर रंगवून सांगतात. त्यांच्या सांगण्यात साहेबांपुढं बोलतात ते दादाच, तू खुर्चीवर गप्प. आजवर मी ऐकून घेतलं. शब्द देतो, आता गावी गेलो की त्यांना मध्येच थांबवीन आणि तू काय बोललीस ते तुझ्याच शब्दांत सांगेन. रागावले तर रागावू देत. सगळं सांगून होईस्तोवर पारावरून हलणार नाही, मग येरमाळ्याची शेवटची गाडी गेली तरी चालेल.

तुझा भटका भाचा,
मिलिंद