वहीत न उतरलेला आवाज

चाचा, तुमची जुनी गाडी सुरू होत नाही. रविवारी चाची शेड रिकामी करून जयसिंगपूरला लेकीकडे राहायला जाणार आहेत. तोपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली नाही, तर भंगारवाला तिथेच तिचे तुकडे करणार आहे. आज शुक्रवार आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याकडे काही मागितले नव्हते, आज मागते आहे.

दोष माझाच आहे. गेल्या महिन्यात मी इंजिनाची साफसफाई करायला घेतली आणि ठिणगी पडण्याची वेळ ठरवणारा भाग खूण न करताच सोडवला. वहीत सगळे आहे, असा माझा भरवसा होता. दहावीच्या सुट्टीपासून दोन वर्षे तुम्ही बोलत होता आणि मी लिहीत होते, प्रत्येक स्क्रूची जागा, प्रत्येक वायरचा रंग. तुम्हाला वाचता येत नव्हते, म्हणून गाडीसोबत आलेले इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन तुम्हाला मराठीत सांगत असे. याच भागाला, डिस्ट्रिब्यूटरला, मी ‘ठिणगीवाटप यंत्र’ म्हटले, तेव्हा तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. “वाटप? रेशनचं दुकान हाय व्हय गं, मास्तरीण?” शाळेत कुणी मला हसले की मी आठवडाभर गप्प राहत असे, त्या दिवशी मात्र मीही हसले. शेजारच्या घरातून खाली मान घालून येणाऱ्या मुलीला साठीचा मिस्त्री मित्र म्हणून मिळावा, हे माझ्या आईला कधीच उमगले नाही.

मला हवे असलेले पान परवा सापडले. त्यावर एकच ओळ आहे : ‘ठिणगीची वेळ – कानाने.’ आणि तो दिवस समोर उभा राहतो. तुम्ही इंजिनाचे हँडल इंचाइंचाने फिरवता आहात. स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्रावर टेकवून त्याची मूठ माझ्या कानाला लावता. “वही मिट. आतनं बारीक टक् येतीया, तितंच थांबायचं. आली?” मी डोळे मिटते. मला माझ्याच छातीतली धडधड ऐकू येते. रस्त्यावर कुणीतरी बादली आपटते. “आली का न्हाय?” मी म्हणते, आली. तुम्ही खूश होऊन स्क्रू आवळता, आणि संध्याकाळी आपण रंकाळ्याला जातो, प्रत्येक वळणावर विनाकारण हॉर्न वाजवत.

चार दिवस मी सगळे करून पाहिले. शिरोलीहून बोलावलेला मेकॅनिक पाच मिनिटांत हात पुसत उठला. “ताई, ह्या गाडीचं कळणारं कोण ऱ्हायलंय आता? इंजिनच दुसरं घालू की.” तो गेल्यावर चाची म्हणाल्या, “त्येला काय कळतंय! तुला ठावं हाय सगळं. शेवटाला बी म्हणत हुते, माझं काम पोरीच्या कानात ठेवलंय.” मग आज दुपारी त्या स्वतः हँडलाशी बसल्या. प्लग काढून ठेवले की ते हलके फिरते, हेही तुम्हीच त्यांना दाखवले होते म्हणे. गुडघे दुखत असताना त्या फिरवत राहिल्या आणि मी तुमचा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बसले. “आली का गं?” त्यांनी तीनदा विचारले. चौथ्यांदा विचारताना त्यांना धाप लागली होती. मी म्हणाले, आली.

त्यांनी लगेच भंगारवाल्याला फोन लावला. “न्हाय द्यायची गाडी, पावणं. ऐतवारी चालवत न्हेणार हाय आमची पोरगी.”

आता मी शाळेत शिकवते, चाचा. ‘समजले’ म्हणून पटकन मान हलवणाऱ्या मुलींना मी पुन्हा फळ्याशी बोलावते, कारण ती मान मला ओळखता येते. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला ‘नाही’ म्हणायला कुणी शिकवलेले नसते. मी ‘नाही’ म्हटले असते, तर तुम्ही दहा वेळा फिरवले असते हँडल, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

हे सारे त्या एका ओळीखालच्या कोऱ्या जागेत लिहिते आहे. पान वहीतच राहील. टक् तेव्हाही आली नव्हती, आजही आली नाही. चाची पलीकडे तुमची हत्यारे पोत्यात भरत आहेत, त्यांचा आवाज येतो आहे. हे आधी त्यांना सांगायला हवे होते. तुम्हाला सांगणे सोपे, म्हणून आधी तुम्हाला लिहिले.