माहेरचे देव

८ नोव्हेंबर

"कळा सुरू व्हायच्या आधी ऊठ हं, पोरी!" — आई मला म्हणाली होती. तिच्याच चुलीपाशी, माझ्या ओच्यात उकडलेली अंडी घालता घालता. जुआ तेव्हा माझ्या पोटात होती. आईच्या आवाजात राग नव्हता, परकेपणाही नव्हता. अंधार पडायच्या आत घरी जा, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. आणि मी उठलेही! अंडी खात खात डोंगर उतरले. त्यात काही वावगं आहे असं मनातसुद्धा आलं नाही.

आज सकाळपासून तेच वाक्य कानात. मुलं पाढे म्हणत होती आणि मी फळ्याकडे पाठ करून नुसती उभी. एका पोरानं विचारलं, "बाई, पुढचा पाढा?"

जुआला काल दवाखान्यात नेलं होतं. बाळ पायाळू आहे.

९ नोव्हेंबर

काल नीट लिहवलं नाही. डॉक्टर शू बाईंनी पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं, मग हात धुतले. "घरी बाळंत व्हायचं नाही. पाय आधी बाहेर आले आणि डोकं अडकलं, तर हिची सासू काय करणार आहे?"

मी विचारलं, आधीच येऊन राहिली तर?

"खाट एकच आहे हो, तीही कधी रिकामी नसते. कळा सुरू झाल्या की या. लगेच या."

लगेच! जुआचं सासर वर, डोंगराच्या खांद्यावर. पाठीवर घेऊन उतरायचं तर सकाळी निघालेला माणूस दुपार कलल्यावर पोचतो, तेही वाट कोरडी असली तर. आणि आमच्या अंगणातून दवाखान्याचं छप्पर दिसतं.

परतताना ती आमच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. "आत नको, आई. मधून मधून पोट कडक होतंय." मी अंगणातच चटई टाकली. मक्याचा भात, मोहरीच्या पाल्याचं पातळ. पोटभर जेवली. मी तिच्या वेणीतून हात फिरवत होते आणि दोघीही त्या छपराकडे बघत नव्हतो.

लग्न झालं की लेक थाव कुळाची. याँगांच्या, म्हणजे आमच्या, घरात तिला कळा लागल्या किंवा तिचं बाळंतपण झालं, तर घरचे देव चवताळतात. आणि त्यांचा हात पडतो तो घरातल्या पोरांवर.

११ नोव्हेंबर

जात्यापाशी बायका जमल्या होत्या. जुआचं कळलेलंच होतं सगळ्यांना.

"दवाखान्यात पाय वर टांगतात म्हणे — सोललेल्या डुकरासारखे!"

"आणि बघायला बाप्ये!"

"माझ्या नवऱ्यानं अजून बघितलं नाही, ते त्यांना का दाखवू?"

काय हसल्या! मीही हसले. मग एक हळूच म्हणाली, "माझ्या बहिणीला बाळंतपणानंतर गार पाणी दिलं. गार! कोंबडीचा रस्सा नाही, औषधी मुळ्या नाहीत. अजून तिची हाडं दुखतात." कुणी हसलं नाही मग.

१३ नोव्हेंबर

रविवार. वर जाऊन आले. विहीणबाईंनी बसायला स्टूल दिलं, मका भाजला, आणि मग सुनावलं.

"दवाखान्यात अंगरखा बादलीत टाकतात." वारेला आम्ही अंगरखाच म्हणतो. "मुलाचा मधल्या खांबाखाली पुरायचा, मुलीचा आईच्या खाटेखाली. मेल्यावर तोच घालून पूर्वजांकडे जायचं असतं. माझा नातू म्हातारा होऊन मरेल, तेव्हा काय त्या बादलीला हुडकत फिरेल? तुम्ही मास्तरीण, तुम्हीच सांगा."



जुआ कोपऱ्यात ताग सोलत होती. मान वर केली नाही.

१५ नोव्हेंबर

शू बाईंना धीर करून विचारलं, अंगरखा घरी नेऊ द्याल का. वाटलं, हाकलतील. तर म्हणतात, "न्या की! बरेच जण नेतात. झाकणाचा डबा मात्र तुमचा आणा."

एवढंच! इतकं सोपं!

१९ नोव्हेंबर

काल शाळा सुटल्या सुटल्या निरोप घेऊन वर धावले होते. रात्र तिथंच काढली, आज परतले. विहीणबाई ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "मग आधी का नाही सांगितलंत? पायाळू म्हणजे काय ते मलाही कळतं. मी काय वैरीण आहे तिची? जाऊ दे दवाखान्यात."

मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच — "पण एवढा डोंगर उतरायचा कसा, कळा देत? शेवटचे दिवस तुमच्याकडे ठेवता का?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होत्या.

 इतके दिवस मी समजत होते, जुआच्या वाटेतली धोंड म्हणजे विहीणबाई. धोंड माझ्या दारात आहे.

२० नोव्हेंबर

यांना विचारलं. बांबू चिरत होते. कोयता थांबला.

"घर माझं एकट्याचं नाही. पाकूची दोन पोरं आहेत इथं. धाकट्याला काही झालं तर तिला काय सांगशील?"

पाकू आमची सून; मुलगा कामासाठी दूर असतो. तिचा धाकटा, चू, थंडी पडल्यापासून खोकतोय. छाती कशी पिंजऱ्यासारखी वाजते. पाकू आतच होती. तिनं ऐकलं असणार. शेगडीतले निखारे हलवल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, "आणि माझ्या लेकीला काही झालं तर मला कोण सांगणार?"

 कोयता पुन्हा उचलत म्हणाले, "खालच्या उतारावर खोपी बांधतो."

खोपी! बाहेर धुक्यानं बोट दिसत नाही आणि लेक खोपीत!

२१ नोव्हेंबर

बोलले नाही त्यांच्याशी.

२५ नोव्हेंबर

खोपी उभी राहतेय. नुसता आडोसा पुरला असता, पण हे मध्ये जाड खांब रोवताहेत. चूल लिंपताहेत. दार दरीच्या बाजूला. मी म्हटलं, "एका बाईला टेकायला जागा हवी, तर एवढा थाट कशाला? घर बांधताय की काय?"

"चिखल दे इकडं," म्हणाले.

दिला. हातही लावला. राग मनात आणि हात चिखलात — चिखल कालवता कालवता राग थोडा उतरला, हे खरं.

२८ नोव्हेंबर

जावई आला होता. लेंग स्वभावानं गरीब. आईचा निरोप सांगताना खालीच बघत होता. "आई म्हणते, आमची सून खोपीत राहायला ती काय डुकरीण आहे? त्यापेक्षा घरी शेकोटीजवळ बरी. व्हायचं ते होईल."

मग अंगणाच्या कडेला येऊन हळू म्हणाला, "जुआ म्हणते, मी खोपीत राहीन. दादाच्या पोरांना माझ्यापायी काही झालं, तर मी कुठं तोंड दाखवू? पण आईपुढं तिचं काय चालणार..."

पोट खाली उतरलंय म्हणे तिचं.

३० नोव्हेंबर

वर्गात एका पोराला उगाच ओरडले. शाळेतून येताना वाटेवर तीनदा मागं वळून पाहिलं. डोंगरावरून कुणी येतंय का. कुणी नाही.

२ डिसेंबर

खोपी जुआसाठी नव्हतीच!

आज म्हणाले, "नवं घर बांधलं की देवांना नेतोच ना आपण? खांब आहे, चूल आहे, दार आहे. झालं घर. देव वसतात तो भिंतीवरचा कागद तिकडं लावतो आणि त्यांना बोलावतो. तिचा बाळंतपणाचा महिना होईस्तोवर देव खाली, आपणही सगळे खाली. जुआ राहील इथं, आणि इथं उरतील नुसत्या भिंती. भिंतींना कसलं कूळ?"

मी बघतच राहिले या माणसाकडे. विहीणबाईंनाही आता नाही म्हणायला जागा नाही.

मग लक्षात आलं — सगळे खाली. म्हणजे चूसुद्धा. ओल्या कुडाच्या भिंती, सकाळी जमिनीवर हिम, आणि त्याची ती छाती.

"पाकूला तू विचार," म्हणाले. "मी सांगितलं तर तो हुकूम होईल."

ती अंगणात मका सोलतेय. चू पाठीवर बांधलेला, खोकतोय. ती नाही म्हणेल. तिच्या जागी मी नाहीच म्हटलं असतं. आता उठते आणि विचारते — पाकू, माझ्या लेकीसाठी तुझं लेकरू महिनाभर थंडीत निजवशील?