कारणाचा रकाना

५ जानेवारी, सोमवार

आलं! वेळापत्रक माझ्या हातात आलं!

मोठ्या बाईंनी सकाळी ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, पुन्हा नकाशांचं कपाट आवरायला सांगणार. पण नाही — "नाना रिटायर झाले, आता वेळापत्रक तुम्ही बघा. तुम्ही टापटीप आहात." सव्वीस वर्षं भूगोल शिकवतेय इथे, टापटीप आज दिसली! नवा कॉम्प्युटर आलाय. नानांच्या जुन्या डब्यातलं सगळं त्यात आणायचं, नव्या सत्राचं वेळापत्रक काढायचं, सोमवारी १९ तारखेपासून लागू. जुना डबा १७ला भंगारवाला नेणार.

मी तोंड गंभीर ठेवलं. "बघते," म्हटलं. जिन्यात आल्यावर एकटीच हसले.

गणिताच्या कोनमापका, आता तू आहेस आणि मी आहे.

६ जानेवारी, मंगळवार

नानांच्या खोलीत एका टेबलावर दोन कॉम्प्युटर, मध्ये एक वायर. सासूसुनेला एका खोलीत कोंडल्यासारखे दिसतात. संगणकाच्या बाईंनी जोडून दिलं. "पट्टी भरत जाईल, बाई. पूर्ण भरली की झालं." पट्टीखाली लिहून आलं — उरलेला वेळ तीन तास. पाच मिनिटांनी अकरा मिनिटं. मग दोन दिवस! आमच्या प्लंबरची आठवण झाली.

दुपारी फाइली उघडून बघितल्या तर नव्यावर सगळी किडामुंगी अक्षरं. नानांनी जन्मभर एकाच जुन्या फाँटमध्ये टाइप केलंय, तो इथे नाहीच. "फाइली आल्या म्हणजे सगळं आलं असं नसतं, बाई. फाँट आणायचा, प्रिंटर सांगायचा, सेटिंगं आणायची — ते सगळं वेगळं," असं म्हणत त्यांनी फाँट आणून दिला.

नानांचा माउस मुद्दाम संथ ठेवलेला, बाण मुठीएवढा. हात थरथरायचा त्यांचा. नव्यावरचा बाण नुसता तुरुतुरु पळतो.

७ जानेवारी, बुधवार

जिन्यात कोनमापक समोरून आला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत खाली उतरले. घड्याळ बंद होतं.

८ जानेवारी, गुरुवार

धाकटीला फोनवर सांगितलं, आता त्याला दाखवते म्हणून. ती म्हणाली, "ताई, सहा वर्षं झाली. सोड ना आता."

का सोडू? तिला काय जातंय! ती तेव्हा नव्हती इथे. लिहूनच ठेवते एकदा, म्हणजे हात डळमळायचा नाही.

आई अंथरुणाला खिळलेली होती. शेजारच्या काकू तिच्यापाशी बसायच्या, पण माझी शाळा सुटायच्या वीस मिनिटं आधी त्यांना नातवाला आणायला जावं लागायचं. म्हणून शेवटचा तास असला की वर्गाला नकाशा भरायला देऊन मी वीस मिनिटं आधी निघायचे. दीड महिना असं निभावलं. शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. का सांगायचं? घरातलं दुखणं स्टाफरूममध्ये मांडायचं, की दहा जणांचे दहा सल्ले! आपलं ओझं आपल्या खांद्यावर बरं.

मग मेमो आला. "शेवटच्या तासाला वर्ग सोडून जातात." तेव्हाच्या हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर हातात दिला. कुणी सांगितलं? माझ्या वर्गाला लागून एकच वर्ग — गणिताचा. व्हरांडा दिसतो तो त्यालाच. नव्वद अंशात ताठ उभं राहून सगळ्या जगाचे कोन मोजणारा माणूस! मी तोंडावर विचारलं, "तुम्ही सांगितलंत?" तर मिठाची गुळणी धरून फरशीकडे बघत राहिला. नाही म्हणाला नाही! मला तेवढं पुरे होतं.

शिक्षा काय? आठवड्याला चार शेवटचे तास माझ्या माथी. सवय मोडावी म्हणून! आणि दाराशी शिपाई, मी जाते का ते बघायला.

दुसऱ्याच आठवड्यात तो शनिवार. शेवटचा तास, तिसरा मजला, आठवी क. घंटा झाली तशी धावत घरी आले. काकू दारातच उभ्या. नातवाला आणायला गेल्याच नव्हत्या. "आत्ताच गं. वीस मिनिटं झाली. दाराकडे बघत होती."

वीस मिनिटं.

आठवड्यानं कामावर गेले, तर माझे चारही शेवटचे तास काढलेले! वरातीमागून घोडं. हेडमास्तरांना लाज वाटली असणार. तो स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाला, "वाईट झालं, बाई." मी वहीतून मान वर केली नाही. त्या दिवसापासून आजतागायत एक शब्द बोलले नाही त्याच्याशी. खडू संपला तर शेजारच्या वर्गात मागत नाही, दोन मजले उतरते.

सोड म्हणे.

९ जानेवारी, शुक्रवार

आज खरा खजिना सापडला. वेळापत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये "अटी" म्हणून एक यादी आहे. कुणाला कुठला तास द्यायचा नाही, कुणाला कुठल्या मजल्यावर घालायचं नाही, सगळं त्यात. भूगोल, विज्ञान, चित्रकला, प्रत्येकाची एकेक ओळ. आम्ही समजायचो वेळापत्रक नशिबानं येतं! नशीब या यादीत होतं आणि नाना ते संथ माउसनं फिरवायचे.

त्याची ओळ बघितली. गंमत म्हणजे सहापैकी चार शेवटचे तास त्याच्याकडे आधीपासूनच आहेत! मी इतकी वर्षं त्याच्या वेळापत्रकाकडे ढुंकून बघितलं नव्हतं. नानांनाही हा माणूस खुपत असणार. नाना, मानलं तुम्हाला!

उरलेले मंगळवार आणि गुरुवार मी टाकले. सहाच्या सहा. डबा खायच्या आधीचा मोकळा तास काढला. वर्ग दिला तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला, जिथे खिडकी लागत नाही आणि वाऱ्यानं दार आपटतं. पाठोपाठ नववीचे तीन तास, मध्ये पाणी प्यायला फुरसत नाही.

टाइप करताना हात थरथरला नाही. छान वाटलं! खोटं कशाला लिहू, फार छान वाटलं.

१० जानेवारी, शनिवार

आज दिवसभर त्याच्याच तोंडाचा विचार करत होते. वेळापत्रक बघितल्यावर कसं होईल ते.

१२ जानेवारी, सोमवार

मोठ्या बाईंची सही झाली. चष्मा वर करून म्हणाल्या, "गणितसरांना सहाही शेवटचे? चालेल त्यांना?" मी म्हटलं, "चार होतेच, बाई. सवय आहे." सही केली. करावे तसे भरावे!

१३ जानेवारी, मंगळवार

मधल्या सुट्टीत वेळापत्रक फळ्यावर लावलं. नेहमीची झुंबड. विज्ञानवाल्या खूश, चित्रकलावाले रुसले, शारीरिक शिक्षणाचे सर आपली ओळ शोधता शोधता दुसऱ्याचीच लिहून घेऊन गेले.

तो शेवटी आला. खिशातून छोटी वही काढली, आपली ओळ शांतपणे उतरवून घेतली. मी कपाटाआडून बघत होते — लाज नाही वाटली. संगणकाच्या बाई म्हणाल्या, "अहो सर, सहाच्या सहा शेवटचे! मोठ्या बाईंना सांगा ना."

पेनाला टोपण लावत म्हणाला, "असू दे. घरी कोण वाट बघतंय माझी."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या! हे काय उत्तर झालं? चिडायचं, भांडायचं, कुणाच्या दारात उभं राहायचं, नाही ऐकून परत यायचं, असं व्हायला हवं होतं. माझी तर वाट बघणारं होतं रे कुणीतरी! तुझी कुणी बघत नाही, म्हणून तू सुटलास?

डबा तसाच परत आणला.

१४ जानेवारी, बुधवार

प्रिंटरनं दिवस खाल्ला. जुन्यावरनं आणलेलं सेटिंग नव्याला मानवत नाही. एका कागदावर अर्धी शाळा येते, अर्धी दुसऱ्यावर.

सगळं आटोपल्यावर नव्या कॉम्प्युटरनं एक चौकट दाखवली — "अटी" या यादीतला एक लपवलेला रकाना आणता आला नाही. संगणकाच्या बाई म्हणाल्या, "नानांनी लपवून ठेवला असेल. जुन्यावर उघडता येईल. नकोच असेल तर सोडा, शनिवारी भंगारातच जाणार आहे."

नानांनी लपवलेलं! सोडते होय? त्याच्याबद्दल काहीतरी असणारच. एखादी जुनी भानगड, एखादी लेखी तंबी. तो नुसते तास घेऊन गप्प बसतो काय! बघतेच.

१६ जानेवारी, शुक्रवार

काल परीक्षांचे कागद आले, वेळच मिळाला नाही. आज तास संपल्यावर जुना डबा लावला. संगणकाच्या बाईंनी दाखवलं तसं केलं आणि रकाना उघडला. वर लिहिलंय — "कारण".

प्रत्येक अटीसमोर कारण! नाना, नाना. आम्हाला वाटायचं तुम्ही कान बंद ठेवून चहा पिता.

"भाषा — तिसरा मजला नको. गुडघे. सांगत नाहीत, पण कठडा धरतात."

"विज्ञान — सोमवारी पहिला तास नको. मुलगी वसतिगृहात परत जाते, रडून येतात."

"संगीत व चित्रकला — एका वेळी मोकळे ठेवू नयेत. खुर्ची प्रकरण."

"शारीरिक शिक्षण — जेवणानंतर तास नको. झोपतात."

खुर्ची प्रकरणावर मोठ्यांदा हसले. मग हसू गेलं. इतक्या वर्षांत विज्ञानवाल्यांना सोमवारी मी एकदाही नीट बघितलं नाही. तोंड का सुजलंय, म्हणून विचारलं नाही.

मग त्याची ओळ.

"गणित — शेवटचे तास चार. स्वतः मागून घेतले. कारण भूगोलच्या ओळीत पाहावे."

भूगोलच्या? माझ्या?

पाहिलं नाही. सरळ बंद केलं, वायर काढली. त्याच्या कारणाशी माझा काय संबंध! शिपाई कुलूप घेऊन उभा होता. घरी आल्यावर धाकटीला फोन लावला आणि काहीच न सांगता ठेवून दिला. भंगारवाला उद्या दहाला येणार.

१७ जानेवारी, शनिवार

साडेसातलाच गेले. वायर परत लावली. नानांचे शब्द उतरवून घेतलेत —

"भूगोल — सोम, बुध, शुक्र, शनि शेवटचे तास काढावेत. गणितसर घेतील. आज बुधवारी स्वतः आले. म्हणाले, तक्रार माझ्या तोंडून गेली, बाईंची आई अंथरुणावर आहे हे काल कळलं. परवानगीही त्यांनीच आणली. सोमवारपासून लागू. भूगोलबाईंना कळू नये."

खाली तारीख होती, ती तीनदा वाचली. आई त्याच आठवड्यात गेली. शनिवारी.

माफ केलेलं नाही. तोंड त्यानंच उघडलं होतं. आणि मी दीड महिना कुणाकडेच उघडलं नव्हतं.

दहाच्या आत सगळ्यांची कारणं नव्यावर टाइप केली. त्याचे मंगळवार-गुरुवार मागे घेतले, मोकळा तास दिला, वर्ग बदलला. मोठ्या बाईंची पुन्हा सही घेतली. शनिवार, शेवटचा तास, आठवी क — गणित काढलं, भूगोल घातलं. सोमवारपासून लागू.

कारणाच्या रकान्यात लिहिलं — हा तास माझाच होता.